दिवस मोजता मोजता दिवस गेले!

लग्न ठरलेल्या मुलीच्या कानात, मैत्रिणींच्या गप्पांत आणि क्वचित डॉक्टरीणबाईंसमोर दबक्या आवाजात एक शब्द हमखास येतो: सेफ पिरियड. ना गोळी, ना कॉपर-टी, ना औषधाच्या दुकानात गर्दी ओसरेपर्यंत ताटकळणं. नुसते दिवस मोजायचे! हिशेब ऐकायला इतका सोपा, की कित्येक घरांतलं धाकटं अपत्य याच सोपेपणाच्या कृपेनं शाळेत जातंय.

या हिशेबाच्या गोष्टीत एक जपानी डॉक्टर आहे, एक जर्मन धर्मगुरू आहे, वर्ध्याचे गांधीजी आहेत, मदर तेरेसा आहेत आणि चक्क हिग्ज बोसॉन शोधणाऱ्या चमूतली एक शास्त्रज्ञही आहे. सगळ्यांच्या अनुभवाचं सार एका ओळीत सांगायचं तर: भिंतीवरचं कॅलेंडर पाहणारे फसले, शरीराकडे पाहणारे बऱ्यापैकी तरले. आता एकेक किस्सा.

अठ्ठावीसचा पाढा

पाळी २८ दिवसांनी येते, हे शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे छापलेलं असतं. २०१९ मध्ये एका मोठ्या अभ्यासात ६ लाख १२ हजारांहून जास्त पाळीचक्रं तपासली गेली. बरोबर २८ दिवसांची किती निघाली? फक्त १३ टक्के. सरासरी आली २९.३ दिवस.

चौदावा दिवस नावाची अफवा

‘चौदाव्या दिवशी बीज सुटतं’ हे दुसरं पाठांतर. त्याच अभ्यासात पाळी सुरू झाल्यापासून बीज सुटण्यापर्यंतचा काळ सरासरी १७ दिवसांच्या आसपास निघाला. हीसुद्धा सरासरीच. एखादीचं बीज अकराव्या दिवशी सुटतं, एखादीचं बाविसाव्या. एकाच बाईचं या महिन्यात लवकर आणि पुढच्या महिन्यात उशिरा, असंही होतं. परीक्षा, प्रवास, आजारपण, ताण यातलं काहीही वेळापत्रक पुढे ढकलू शकतं.

सहा दिवसांचं गणित

स्त्रीबीज सुटलं की त्याचं आयुष्य जेमतेम १२ ते २४ तासांचं. शुक्रजंतू मात्र चिवट. योग्य वातावरण मिळालं तर पाच दिवससुद्धा तग धरतात. पाच अधिक एक, म्हणजे महिन्यात साधारण सहा दिवस गर्भ राहू शकतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. बीज सुटलं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, सगळ्या गर्भधारणा याच सहा दिवसांतल्या होत्या.

गोम अशी, की हे सहा दिवस येतात कधी? याच चमूनं २००० मध्ये पुढचा निष्कर्ष काढला: हे सहाही दिवस पाळीच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत बसतात अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच. उरलेल्या ७० टक्क्यांसाठी पुस्तकी तारखा कमी-जास्त प्रमाणात चुकीच्या!

शहाणे डॉक्टर, उलटा सल्ला

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या नामांकित डॉक्टरांची समजूत होती, की बाईचं बीज पाळीच्याच सुमारास सुटतं. कारण? कुत्री माजावर येते तेव्हा तिला रक्तस्राव होतो, मग माणसाचंही तसंच असणार. त्यामुळे मूल नको असलेल्या जोडप्यांना ते सांगत: पाळीच्या आगेमागे दूर राहा, मधले दिवस अगदी निर्धास्त! म्हणजे नेमके धोक्याचे दिवस त्यांनी सुरक्षित ठरवले होते. त्या काळच्या पाळण्यांच्या हिशेबात या सल्ल्याचाही वाटा असणारच.

सोळा रात्री

मनुस्मृतीत ऋतुकाळ सोळा रात्रींचा सांगितलाय. त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य, शिवाय अकरावी आणि तेरावीही नको. गंमत म्हणजे उरलेल्या रात्रींत बऱ्याच जणींचे सुपीक दिवस खरोखरच येतात. पुढे मात्र गाडी घसरते: सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी! मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रजंतूतल्या गुणसूत्रावर ठरतं. रात्र सम असो वा विषम, त्याला फरक पडत नाही.

ज्यूंच्या परंपरेतही असाच योग जुळलाय. पाळीचे दिवस आणि त्यानंतर सात ‘शुद्ध’ दिवस धरून, विधिवत स्नान झाल्यावर पती-पत्नी एकत्र येतात, ते साधारण बाराव्या दिवसाच्या सुमारास. ज्यांना मूल हवं त्यांच्यासाठी मुहूर्त उत्तम. ज्यांचं बीज त्याआधीच सुटतं त्यांच्यापुढे मात्र पेच उभा राहतो.

मूल व्हावं म्हणून शोधलं, होऊ नये म्हणून वापरलं

जपानमधल्या निगाता शहरातले डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये एक कळीची गोष्ट मांडली. बीज कधी सुटतं ते मागच्या पाळीपासून मोजू नका, पुढच्या पाळीपासून मागे मोजा. पुढची पाळी येण्याआधी १२ ते १६ दिवस, या टप्प्यात बीज सुटतं. त्याच दशकात ऑस्ट्रियाचे हरमान क्नाउस स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले. म्हणून पद्धतीला नाव पडलं ओगिनो-क्नाउस.

ओगिनोंचा रोख मूल होण्यावर होता. जगानं त्यांचं गणित उचललं ते मूल टाळण्यासाठी, आणि ते स्वतः या वापराच्या बाजूचे नव्हते. अडचण उघड आहे: पुढची पाळी अजून यायची आहे, तर तिच्यापासून मागे मोजणार कसं? त्यासाठी मग अंदाजाचं सूत्र निघालं. निदान सहा महिन्यांच्या पाळ्या लिहून ठेवा. सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करा, सर्वांत मोठ्यातून ११. चक्रं २६ ते ३१ दिवसांची असतील, तर आठव्या ते विसाव्या दिवसापर्यंत सांभाळायचं. म्हणजे सलग १३ दिवस! ‘नुसते दिवस मोजायचे’ म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी सहसा केलेलीच नसते.

वर्ध्यात सँगर, मुंबईत कर्वे

संततिनियमनाच्या अमेरिकन पुढारी मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा ठाम विरोध होता. दोघांची भरपूर चर्चा झाली, मतं जिथल्या तिथे राहिली. पण सुरक्षित काळाचा विषय निघाला तेव्हा, हा मार्ग मला इतरांइतका नकोसा वाटत नाही, अशी भूमिका गांधीजींनी घेतली. त्यात निदान काही दिवसांचा संयम तरी होता.

त्याच्या चौदा वर्षं आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं होतं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. कर्व्यांना या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमवावी लागली, त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यातला एक खटला त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. वर्ध्यात संयमाचा आग्रह, मुंबईत साधनांचा. महाराष्ट्रानं हा वाद घरातच पाहिला.

सरकारी माळ

१९५२ मध्ये कुटुंबनियोजन सरकारी धोरण म्हणून स्वीकारणारा भारत हा जगातला पहिला देश. त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि धनवंती रामा राव व मार्गारेट सँगर यांच्या पुढाकारानं जागतिक कुटुंबनियोजन महासंघाचा जन्म इथेच झाला. तेव्हाच्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या राजकुमारी अमृत कौर. गांधीजींच्या निकटच्या, त्यामुळे कृत्रिम साधनांना नाखूश. जागतिक आरोग्य संघटनेनं अमेरिकेहून डॉ. अब्राहम स्टोन यांना पाठवलं आणि दिल्लीची लोदी कॉलनी व तेव्हाच्या म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे सुरक्षित काळाचे प्रयोग झाले.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसाठी स्टोननी रंगीत मण्यांची माळ काढली. रोज एक मणी सरकवायचा, रंगावरून ओळखायचं: आज चालेल की नाही. कल्पना झकास होती, पण संसारानं तिची परीक्षा घेतली. माळेला ताईत समजून नुसती गळ्यात घालणाऱ्या, मणी सरकवायला विसरणाऱ्या, एकदम सगळे मणी ‘चालेल’च्या बाजूला ढकलणाऱ्या बायकांचे किस्से तेव्हापासून सांगितले जातात. प्रयोग फसला आणि सरकार हळूहळू इतर साधनांकडे वळलं.

माळेचा पुनर्जन्म

पन्नास वर्षांनी माळ परतली. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३२ मण्यांची नवी माळ बनवली. एक लाल मणी पाळीच्या पहिल्या दिवसाचा, मग सहा तपकिरी, मग बारा पांढरे, पुन्हा तपकिरी. पांढरे मणी म्हणजे आठवा ते एकोणिसावा दिवस. या दिवसांत मूल नको असेल तर दूर राहायचं. रोज एक रबरी कडी पुढे सरकवायची. विशेष म्हणजे पांढरे मणी अंधारात चमकतात. दिवा लावून शोधत बसायला नको!

झारखंडात ही माळ ‘माला चक्र’ नावानं वापरात आली. अट एकच, पण कडक: पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आतच यायला हवी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियम काटेकोर पाळणाऱ्या १०० जणींपैकी वर्षभरात सुमारे ५ जणींना दिवस गेले. प्रत्यक्ष संसारातल्या चुकांसकट आकडा १२ वर गेला.

ज्याच्या पुस्तकावर बंदी, त्याचाच शोध कामी

बीज सुटल्यावर शरीराचं तापमान किंचित चढतं, साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस, आणि पुढच्या पाळीपर्यंत चढलेलंच राहतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची ही करामत. विसाव्या शतकाच्या आरंभी डच डॉक्टर थिओडोर व्हान डी वेल्डे यांनी या चढ-उताराचा संबंध बीज सुटण्याशी जोडला. पुढे १९२६ मध्ये त्यांनी कामजीवनावर मोकळेपणानं लिहिलेलं पुस्तक जगभर खपलं आणि कॅथलिक चर्चनं ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं. मग १९३० च्या दशकात विल्हेल्म हिलेब्रांड या जर्मन कॅथलिक धर्मगुरूनं आपल्या भाविकांसाठी नैसर्गिक पद्धत बसवली ती कशावर? याच तापमानावर! लेखक निषिद्ध, थर्मामीटर पावन.

नियम असा: सकाळी जाग आली की अंथरुणातून उठण्याआधी, चहाच्याही आधी, तापमान घ्यायचं. सलग तीन दिवस ते चढलेलं दिसलं, की पुढचे दिवस सुरक्षित. रात्रपाळी, जागरण, ताप, रात्री तान्ह्यासाठी चारदा उठणं यानं आलेख बिघडतो. शिवाय थर्मामीटर बातमी देतो ती घटना घडून गेल्यावर. बीज सुटणार आहे हे त्याला आधी सांगता येत नाही.

आधी सांगतो तो स्राव

आधी कोण सांगतं? १९५० च्या दशकात मेलबर्नच्या डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि पुढे पत्नी डॉ. एव्हलिन यांच्यासह पद्धत सिद्ध केली. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात. मग गर्भाशयाच्या मुखातून चिकट स्राव येऊ लागतो. बीज सुटायच्या सुमारास तो पारदर्शक, बुळबुळीत, दोन बोटांत ताणला तरी न तुटणारा, अगदी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा होतो. हाच तो काळ. सूक्ष्मदर्शकाखाली वाळलेल्या थेंबात नेच्याच्या पानांची सुबक नक्षी दिसते.

आपल्याकडे याच स्रावाला घाबरून ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणत कित्येक जणी वर्षानुवर्षं हवालदिल असतात. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण महिन्याच्या मध्याला येणारा स्वच्छ, ताणला जाणारा स्राव हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत पाच ठिकाणी पारखली: ऑकलंड, डब्लिन, मनिला, एल साल्वादोरमधलं सान मिगेल आणि आपलं बंगळूर. ९० टक्क्यांहून जास्त जणींना पहिल्याच चक्रात स्राव ओळखता आला, त्यात अक्षरओळख नसलेल्याही होत्या. पुढे याच आकड्यांचं फेरविश्लेषण झालं तेव्हा गंमत कळली. नियम तंतोतंत पाळणाऱ्यांत वर्षाला १०० पैकी तीनेक जणींना दिवस गेले. नियम मोडणाऱ्यांत हाच धोका ८६ टक्क्यांवर! पद्धत चोख, पण क्षमा अजिबात करत नाही.

नोबेलच्या मंचावर

डिसेंबर १९७९. ऑस्लोत नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारल्यावर मदर तेरेसा व्याख्यानाला उभ्या राहिल्या आणि बोलल्या, तर नैसर्गिक कुटुंबनियोजनावरही. कोलकात्यातल्या भिकाऱ्यांना, कुष्ठरुग्णांना, झोपडपट्टीतल्या जोडप्यांना आपल्या सिस्टर्स हे शिकवतात, असं त्यांनी सांगितलं. सहा वर्षांत किती जन्म टळले, त्याचा आकडाही दिला: ६१,२७३. एवढ्या काटेकोर आकड्याचा पडताळा जगाला कुणी दिला नाही, पण या विषयाला इतका मोठा मंच आधी मिळाला नव्हता, हे खरं.

कॅथलिक चर्चचा यातला रस जुना. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी इटलीतल्या सुइणींपुढे बोलताना सबळ कारण असेल तर सुरक्षित काळ पाळायला मुभा दिली. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी गोळी नाकारली, हा मार्ग मात्र खुला ठेवला.

आजीचा सल्ला, अटी लागू

‘मूल अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत’ हा आजीबाईंचा विश्वास. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी आजीला पाठिंबा दिला, पण तीन अटी घालून. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला जवळजवळ फक्त अंगावरचंच दूध हवं, दिवसाही आणि रात्रीही, आणि पाळी परत आलेली नसावी. तिन्ही अटी पाळल्या तर परिणाम ९८ टक्क्यांहून जास्त. एक अट मोडली की सवलत संपली. आणि ध्यानात ठेवा: बीज पाळीच्या आधी सुटतं. म्हणजे बाळंतपणानंतर पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात.

कॅमेऱ्यात सापडलं

माणसाचं स्त्रीबीज सुटताना स्पष्टपणे टिपलं गेलं ते २००८ मध्ये, तेही योगायोगानं. बेल्जियमचे डॉ. जाक दोनेझ एका ४५ वर्षांच्या स्त्रीचं गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करत होते आणि समोरच बीज बाहेर पडू लागलं. तोवर समज होता की ते झटक्यात उडतं. प्रत्यक्षात सगळ्या प्रकाराला चांगली १५ मिनिटं लागली.

विश्वाचं कोडं सुटलं, आता घरचं

एलिना बर्गलुंड ही स्वीडिश शास्त्रज्ञ सर्न या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा मूलकण शोधणाऱ्या चमूत होती. संप्रेरकांची गर्भनिरोधकं नको होती म्हणून तिनं रोजच्या तापमानातून सुपीक दिवस काढणारं गणित स्वतःसाठी मांडलं. त्यातून ‘नॅचरल सायकल्स’ हे ॲप आलं. हिरवा दिवस मोकळा, लाल दिवस जपून. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं गर्भनिरोधक म्हणून मंजुरी दिलेलं हे पहिलं ॲप ठरलं.

त्याच वर्षी स्टॉकहोमच्या एका रुग्णालयातून बातमी आली: गर्भपातासाठी आलेल्या ६६८ जणींपैकी ३७ जणी हेच ॲप वापरत होत्या. गदारोळ झाला. स्वीडनच्या औषध नियंत्रकांनी चौकशी केली, तेव्हा अपयशाचं प्रमाण कंपनीनं आधीच सांगितलेल्या ७ टक्क्यांच्या आसपासच निघालं. लोकांनी ‘९३ टक्के यशस्वी’ एवढंच वाचलं होतं.

दुसरी सावधगिरी: फोनमधली पाळीची सगळीच ॲप्स या तोलाची नसतात. बरीचशी मागच्या तारखांवरून पुढचा अंदाज बांधतात. म्हणजे ओगिनोंची वजाबाकी, फक्त गुलाबी पडद्यावर.

दोन साक्षीदार बरे

तापमान आणि स्राव दोन्ही एकत्र पाहायचे, ही सर्वांत भरवशाची तऱ्हा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात ९०० स्त्रियांची १७ हजारांवर चक्रं नोंदवली होती. सुपीक दिवसांत पूर्ण संयम पाळणाऱ्यांत अपयश वर्षाला १०० पैकी ०.४, चुकामाकांसकट १.८. आकडे गोळ्यांच्या तोडीचे. पण या स्त्रिया रीतसर शिकलेल्या होत्या, हौसेनं नोंदी ठेवणाऱ्या होत्या आणि त्यांचे जोडीदारही सामील होते.

खरा ताळेबंद

काहीच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात ८५ जणांकडे पाळणा हलायची शक्यता. रोजच्या वापरात निरोधचं अपयश सुमारे १३, गोळ्यांचं ७, कॉपर-टीचं एकाहून कमी. सुपीक दिवस ओळखण्याच्या पद्धतींचं? २ ते २३! कोणती पद्धत निवडली आणि किती नेकीनं पाळली, यावर एवढा फरक पडतो.

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के पारंपरिक पद्धतींवर, म्हणजे दिवस मोजण्यावर किंवा ऐनवेळी आवरतं घेण्यावर, विसंबून आहेत. त्यातल्या किती जणींना कुणी रीतसर शिकवलंय, हा प्रश्न आहेच.

कुणी या वाटेला जाऊ नये?

पाळी अनियमित आहे, पीसीओएस आहे, नुकतंच बाळंतपण झालंय, गोळ्या आत्ताच थांबवल्यात, पाळी जायचं वय जवळ आलंय, किंवा आता दिवस गेले तर जिवाला धोका आहे: अशांनी डॉक्टरांशी बोलून दुसरं साधन घ्यावं. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून दिवस मोजून कुणाचं रक्षण होत नाही, त्याला निरोधच लागतो. आणि जिथे बाईच्या ‘आज नको’ला घरात किंमत नाही, तिथे ही पद्धत पहिल्याच महिन्यात कोसळते.

शेवटचा हिशेब

बाई महिन्यातून सहा दिवस सुपीक, पुरुष वर्षाचे ३६५ दिवस. तरी थर्मामीटर तिनं लावायचा, स्राव तिनं पाहायचा, तारखा तिनं लिहायच्या, आणि चूक झाली तर ‘तूच मोजायला चुकलीस’ हेही तिनंच ऐकायचं! या पद्धतीत नवऱ्याला करण्याजोगं काम भरपूर आहे. गजर लावणं, आकडा वहीत टिपणं, लाल दिवशी कुरकुर न करणं. त्याला तेवढंही जमणार नसेल, तर मंडळी, सरळ औषधाचं दुकान गाठा. आणि पाकीट मागायला त्यालाच पाठवा.